सहाशे चौदा जणांची यादी

फाईलबाईंची बदली बारा नंबरला झाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती तीन वर्षं डोळ्यांच्या विभागात, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून काढायची, एवढाच त्यांचा बेत होता. पण वरून कागद आला आणि बाईंनी आपली उशी, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली उचलून तिसऱ्या मजल्याचा रस्ता धरला.

पस्तीस वर्षं झाली होती त्यांना त्या सरकारी रुग्णालयात. वडील तिथेच वॉर्डात कामाला होते. ते गेल्यावर विसाव्या वर्षी त्यांच्या जागी ह्या चिकटल्या. आधी क्ष-किरण, मग हाडांचा विभाग, मग डोळे. लग्न झालं, नऊ वर्षांनी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण शाळेतून निवृत्त झाल्यावर आपली ट्रंक घेऊन राहायला आली, ती कायमचीच. घरात दोघीच. ताईला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून त्या घरातलं साधं बोलणंही शेजाऱ्यांना भांडणासारखं वाटायचं.

बाईंचं खरं नाव कोणी घेत नसे. डॉक्टरांना रोग सापडायच्या आधी बाईंना फाईल सापडते, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यावरून पडलेलं नाव पक्कं झालं होतं.

बारा नंबर म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या अगदी टोकाची खोली. मोडक्या चाकाच्या खुर्च्या ओलांडून तिथे जावं लागे. दारावर पाटी होती, 'लिंगओळख उपचार विभाग'. आत दोन टेबलं, एक पडदा, एक वजनकाटा. डॉक्टरीणबाई सोमवारी आणि गुरुवारी येत. पन्नाशीच्या आतल्या, बोलायला मऊ, पण डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. पहिल्या सकाळी त्यांनी बाईंना दोन वाक्यांत सांगितलं, "जन्माच्या वेळी ज्यांना मुलगा म्हणून लिहिलं पण ज्या बाई आहेत, किंवा मुलगी म्हणून लिहिलं पण जे पुरुष आहेत, अशी माणसं इथे येतात. त्यांना औषधं लागतात, तपासण्या लागतात, आणि त्यांचं नीट ऐकून घेणारं माणूस लागतं."

"बरं," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, आता हेच बघायचं राहिलं होतं.

त्यांनी त्या दिवसाचे कागद ओढले. नव्या पेशंटांचे दोनच. पहिला घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि डोळ्यांच्या विभागात पुकारायच्या तशा खणखणीत आवाजात कागदावरचं नाव त्यांनी पुकारलं. आडनावासकट. पुरुषाचं नाव होतं. कोणी उठलं नाही. बाईंनी आणखी दोनदा पुकारलं. बाकावर सात-आठ जण होते. शेजारच्या त्वचारोगाच्या खोलीसाठी बसलेलेही त्यात होते. ते इकडेतिकडे बघू लागले. टोकाला बसलेली, निळ्या गणवेशाचा शर्ट घातलेली एक उंच बाई पायाजवळची पिशवी उचलून जिन्याने खाली निघून गेली.

बाईंनी आत येऊन नोंदवहीत त्या नावापुढे लाल शाईचा शिक्का मारला. गैरहजर.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिली पेशंट आली नाही का? बस चालवते ती. परवा तिने फोन करून येणार म्हणून पक्कं सांगितलं होतं."

"बाई नव्हती, डॉक्टर. पुरुषाचं नाव होतं. तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "निळा शर्ट होता का?"

बाईंनी वळून जिन्याकडे पाहिलं.

"तीन वर्षं आठ महिने थांबली होती ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि नियम असा आहे की गैरहजर माणूस यादीच्या शेवटी जातो."

"शेवटी म्हणजे?"

"म्हणजे आणखी तीन वर्षं आठ महिने."

त्या रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. पण त्या फक्त दमलेल्या दिसल्या, आणि दुसऱ्या पेशंटला हलक्या आवाजात बोलवायला स्वतः उठून दाराशी गेल्या.

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी ताट अर्ध्यावरच सारलं. ताईने विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, एकदा हळू, आणि ताईने "काय?" केल्यावर एकदा मोठ्याने.

"अगं पण कागदावर तेच होतं. मी काय स्वप्नात बघणार?" बाई म्हणाल्या.

"कागदावर होतं म्हणून वाचलंस, हे झालं तुझ्या समाधानापुरतं," ताई म्हणाली. "शाळेत पटावर एक नाव आणि घरात भलतंच, अशी पोरं मला दरवर्षी भेटायची. पहिल्या दिवशी एकेकाला जवळ बोलावून विचारायचं, बाळा, तुला काय म्हणू? फुकटची गोष्ट. नाहीतर ते पोर वर्षभर हजर असून गैरहजर."

"आता काय करू?"

"माती खाल्लीस ना? मग तोंड धुऊन त्या बाईला फोन कर."

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्जावरचा नंबर फिरवला. पलीकडून भारदस्त, खर्जातला आवाज आला. मागे इंजिनाची घरघर होती.

"जरा त्या बसचालक बाईंना देता का फोन?"

"मीच बोलतेय."

"मी रुग्णालयातून बोलतेय. काल ते नाव पुकारलं, ती मीच."

पलीकडून आवाज आला, "समोरच्या बाकावर माझ्या रूटवरच्या दोन बायका होत्या. रोज मला ताई म्हणून हाक मारतात. त्या नावाला मी 'ओ' दिली असती, तर उद्यापासून गाडी कुठल्या तोंडाने चालवली असती?"

"चुकलंच माझं."

"तुम्ही कागदावरचं वाचलंत."

"वाचलं मीच ना. गुरुवारी या. सकाळी साडेआठला, गर्दी व्हायच्या आत. कोणी पुकारणार नाही, मीच दारात उभी असेन. आणि काय नाव लावता तुम्ही, ते सांगा."

बसवालीने नाव सांगितलं. बाईंनी ते पेन्सिलीने नाही, पेनाने लिहिलं.

आता राहिला शिक्का. बाईंनी नोंदवहीत त्या लाल शिक्क्याखाली स्पष्ट अक्षरांत लिहिलं, 'पेशंट हजर होत्या. चूक कार्यालयाची.' आणि खाली सही ठोकली. दोन दिवसांनी अधीक्षकांनी बोलावून घेतलं. हे अधीक्षक माणूस वाईट नव्हते. फक्त कागदावर काही उमटलं की त्यांना घाम फुटायचा.

"बाई, असं कुठे लिहितात का? उद्या कोणी वर विचारलं तर?"

"तर मी सांगेन, साहेब. माझी सही आहे."

"खोडता येणार नाही का?"

"सरकारी नोंदवहीत खाडाखोड करू नये, असं तुमचंच परिपत्रक आहे."

अधीक्षकांनी कपाळ चोळलं. गुरुवारी साडेआठला बसवाली आली आणि पाऊण तास आत बसून बाहेर पडली. जाताना बाईंकडे बघून तिने मान डोलावली. हसली मात्र नाही. बाईंना ते पटलं. एका फोनने माफी मिळत नसते.

खरं तर गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. चूक झाली, निस्तरली. पण बाईंचा हात एकदा फायलीत गेला की कोपरापर्यंत जायचा. जुन्या नोंदवह्या काढून त्यांनी लाल शिक्के मोजले. दर सोमवारी दोन नवे पेशंट, दर गुरुवारी दोन. बाहेर यादीत सहाशे चौदा माणसं ताटकळलेली, आणि आत दर पाच जागांतल्या दोन रिकाम्या जात होत्या. डॉक्टरीणबाई त्या वेळेत जुन्या पेशंटांचे कागद लिहीत बसत आणि नियमाप्रमाणे गैरहजर माणूस शेवटी जाई. तिथून तो पुन्हा पुढे सरकेपर्यंत कोणाचा पत्ता बदललेला असे, कोणाचा धीर सुटलेला.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांना परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा सापडला. शंभरावर पाकिटं असतील. 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.' काही पाकिटांवर हे पोस्टमनच्या अक्षरात होतं. पण बऱ्याच पाकिटांवर घरच्यांच्या. एका ठिकाणी तर अक्षर इतकं दाबून काढलं होतं की कागद फाटला होता.

बाईंनी ठरवलं, सगळ्यांना फोन करायचा. रोज दुपारी दोन ते चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहाशे चौदा?"

"डोळ्यांच्या विभागात यापेक्षा जास्त चष्मे वाटलेत मी," बाई म्हणाल्या.

पहिले काही दिवस त्या अडखळल्या. समोरचा माणूस 'बोलतोय' म्हणतो की 'बोलतेय', याकडे कान द्यायचा आणि तसंच आपण पुढे बोलायचं, हे त्यांना जमायला आठवडा लागला. कळलं नाही तर 'आपण' म्हणायचं. 'आपण कधी येऊ शकाल?' या एका शब्दात कोणी दुखावत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी बोलावण्याची पत्रंही तशीच नव्याने टाईप केली. पाकिटावरचं खात्याचं नाव काढून टाकलं. नुसता रुग्णालयाचा पत्ता ठेवला. आणि अर्जाला तीन प्रश्न जोडले: आपल्याला काय म्हणून हाक मारावी, घरी पत्र पाठवलं तर चालेल का, आणि फोन कोणत्या वेळी करावा.

फोनांमधून बरंच काही कळलं. सत्तावन्न माणसं यादीत दोनदा होती, एकदा जुन्या नावाने आणि एकदा नव्या. एक्काहत्तर जणांनी दुसरीकडे उपचार सुरू केले होते, किंवा त्यांना आता यायचं नव्हतं. अडतीस जण सापडलेच नाहीत. एक गृहस्थ, कारखान्यात वेल्डर, फोनवरच रडायला लागले, कारण आपलं नाव अजून यादीत आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना. एक आजोबा सत्तरीचे होते. ते म्हणाले, "पोरी, मी तरुणपणी आलो असतो, पण तेव्हा हा विभाग कुठे होता? सावकाश होऊ दे तुमचं, मला सवय आहे." बाईंनी त्यांना 'लवकर' या शेऱ्याखाली घातलं.

आणि एक फोन एका आईने उचलला.

बाईंनी सांगितलेल्या नावाला ती थोडी थबकली. मग म्हणाली, "ती नाही आता. मार्चमध्ये गेली."

बाई आपल्या चुकचुकल्या. तेवढ्यात आईनेच विचारलं, "तिचा नंबर लागला का?"

बाईंनी समोरच्या यादीकडे पाहिलं. त्या मुलीच्या पुढे अजून एकेचाळीस नावं होती. खोटं बोलून त्या माऊलीला काय मिळणार होतं, आणि खरं बोलून तरी काय?

"नाही हो," बाई म्हणाल्या. "अजून लागला नव्हता. आमच्याकडून उशीर झाला."

"ती रोज पेटी बघायची. पत्राची," आई म्हणाली. "मी म्हणायचे, येईल. सरकारी काम, वेळ लागतो." मग ती म्हणाली, "तुमच्या वहीत तिचं नाव कोणतं आहे? जुनं की तिने ठेवलेलं?"

"जुनं."

"ते बदलाल का? आता तसा काही उपयोग नाही. पण बदला."

बाईंनी फोन चालू असतानाच ते नाव लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. मग त्या दिवशी दुसरा फोन केला नाही. यादीतली अशी चार नावं पुढच्या दिवसांत आणखी निघाली. बाई कोणाशी त्याबद्दल फार बोलल्या नाहीत, पण ताईच्या लक्षात आलं की धाकटी आता दुपारचा चहा प्यायची विसरते आणि घरी आली की आधी पायरीवर नुसती बसून राहते.

एवढी नावं गाळून उरली चारशे त्रेचाळीस माणसं. पुढची अक्कल बसवालीने दिली. ती दुसऱ्या भेटीला आली होती. आता बाकावर टेकून बाईंशी दोन शब्द बोलायची. बाई म्हणाल्या, "आज एकाने सकाळी कळवलं, येत नाही म्हणून. गेली जागा फुकट."

"फुकट का? स्टॉपवर माणूस नसला म्हणून मी सीट रिकामी नेते का? पुढच्या स्टॉपवरचा बसतो."

"अहो, पण पुढच्याला ऐन वेळी कुठून आणू?"

"जवळ राहणाऱ्यांना विचारून ठेवा. तासाभरात येता येईल असे पंधरा-वीस तरी निघतील. मी तर गणवेशातच आले असते."

निघाले सव्वीस. त्यांची वेगळी यादी बाईंनी टेबलाच्या काचेखाली घातली. पहिल्याच महिन्यात लाल शिक्का जेमतेम दोनदा लागला.

दुसरी अडचण बाईंना स्वतःलाच दिसली. माणूस चार वर्षांनी आत जायचा, डॉक्टरीणबाई त्याला रक्ताच्या तपासण्या लिहून द्यायच्या, आणि तपासण्या घेऊन परत यायला सहा महिन्यांनंतरची तारीख. "तपासण्या सगळ्यांच्या सारख्याच ना?" बाईंनी विचारलं. "बहुतेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग बोलावण्याच्या पत्राबरोबरच पाठवू की. आपल्या घराजवळच्या दवाखान्यात करून येतील."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "सहा वर्षं मी हे काम करतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला हे सुचलं नाही."

"तुम्हाला मान वर करायला फुरसत कुठे होती?"

तिसरी गोष्ट मात्र सोपी नव्हती. पहिल्या भेटीतली सगळी माहिती, लहानपणापासूनची, डॉक्टरीणबाई स्वतः लिहून घेत. त्यात तास जाई. ते काम शिकवलेल्या दोन सिस्टरांनी केलं तर डॉक्टरांकडे दोनाऐवजी चार नवे पेशंट येऊ शकले असते. पण सिस्टर द्यायच्या म्हणजे अधीक्षकांची मंजुरी, आणि अधीक्षकांची मंजुरी म्हणजे समिती. समितीची बैठक तीनदा पुढे गेली. चौथ्यांदा बाई नोंदवह्या काखोटीला मारून स्वतःच जाऊन बसल्या.

समितीतले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "इतर विभागांतही रांगा आहेत. याच विभागाचे लाड का?"

बाईंना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी वही उघडली. "साहेब, इतर विभागांत माणूस थांबतो तेव्हा घरचे विचारतात, नंबर लागला का. इथे थांबणाऱ्यांतल्या निम्म्यांना घरात कोणी विचारत नाही. आणि एका घरात आई विचारत होती, तिला मी काय सांगितलं ते ऐकता का?" आणि त्यांनी ते सांगितलं. आवाज न चढवता, मार्चपासून एकेचाळीस नावांपर्यंत.

मंजुरी मिळाली. लगेच नव्हे, सिस्टरांचं शिक्षण, टेबल, पडदा यात वर्ष गेलं. एक सिस्टर मध्येच बदलून गेली, तिच्या जागी दुसरीला पहिल्यापासून शिकवावं लागलं. त्यातच बोलबाला होऊन अर्जही वाढले. एका महिन्यात तर यादी पुन्हा पाचशेवर गेली आणि अधीक्षक म्हणाले, "बघा, सुधारायला गेलं की असं होतं."

"साहेब, दुकान उघडं आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक येणारच," बाई म्हणाल्या.

बाई निवृत्त झाल्या त्या महिन्यात थांबायचा काळ अकरा महिन्यांवर आला होता. निरोपसमारंभात अधीक्षकांनी तो आकडा चारदा सांगितला. बाईंना मात्र तो बोचत होता. अकरा महिने म्हणजे काही कमी नव्हेत. गर्भ राहून, जन्मून मूल हसायला लागतं तेवढ्यात. त्या उठल्या आणि भाषण म्हणून इतकंच म्हणाल्या, "अजून पाच महिने तरी कमी करता येतील. तिसरी सिस्टर द्या." बसवाली मागच्या रांगेत उभी होती, कामावरून थेट आलेली. तिचे उपचार सुरू होऊन आता दोन वर्षं होत आली होती, नवं ओळखपत्रही हातात आलं होतं. तिने सगळ्यांत आधी टाळी वाजवली, आणि या खेपेला ती खळखळून हसली.

बाई घरी बसल्या का? पंधरा दिवस बसल्या. मग ताईच म्हणाली, "तू माझ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लागलीस, तेव्हा कृपा कर आणि जा." डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे न घेता परवानगी मिळवून दिली, आणि बाई आठवड्यातून दोन दुपारी बारा नंबरमध्ये फोन करायला जाऊ लागल्या. त्यांच्या जागी आलेला कारकून त्यांना चहा पाजतो आणि त्यांच्या धाकात असतो.

परवा त्यांनी असाच एक फोन लावला. महाविद्यालयात शिकणारी मुलगी, दहा महिन्यांपूर्वी अर्ज केलेला.

"पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला जागा आहे. याल का?"

"पुढच्या... म्हणजे याच महिन्यात?" मुलगी गडबडली. "पण मला सगळे म्हणाले होते की चार वर्षं लागतात. मी अजून घरी सांगितलंच नाहीये. मला वाटलं, वेळ आहे."

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. त्या म्हणाल्या, "बाळा, घाई नाही. पुढची तारीख देऊ का? तुमचा नंबर जात नाही. शेवटी टाकायचा तो नियम आता नाही."

पलीकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज, कोणीतरी त्या मुलीला बाहेरून हाक मारत होतं, जुन्याच नावाने.

"नको," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "गुरुवारच ठेवा. आईला सांगते. आज नाही जमलं तर उद्या सांगते. तिला बरोबर आणलं तर चालेल का?"

"चालेल ना. बाकावर जागा आहे," बाई म्हणाल्या, आणि तारखेपुढे लिहिलं: दोघी येणार.